मुतखडा काढायचा ठरलाय? चार पद्धतींची तुलना, सोलापूरकरांसाठी

सोलापुरात मार्च सरला की पारा चाळिशीकडे धावतो आणि कमरेतली कळ घेऊन येणाऱ्यांची दवाखान्यात गर्दी वाढते. यंत्रमागावर पाळी करणारा, भट्टीपाशी किंवा उन्हात काम करणारा, दिवसभर गाडी चालवणारा माणूस घाम खूप गाळतो आणि पाणी कमी पितो. लघवी घट्ट होते आणि खडा धरतो. मग सोनोग्राफी होते, डॉक्टर 'काढावा लागेल' म्हणतात आणि घरी आल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं असतं: 'पाठीला भोक नको, लेझरनं काढा.'

हा आग्रह समजण्यासारखा आहे, पण त्यातून निर्णय चुकतात. लेझर ही वेगळी शस्त्रक्रिया नाही, खडा फोडायचं साधन आहे. लघवीच्या वाटेनं गेलं तरी ते वापरतात आणि पाठीतून गेलं तरी वापरतात. तुम्हाला ठरवायचं आहे ते खड्यापर्यंत कुठल्या वाटेनं जायचं हे. पहिल्या वाटेत शरीरात काहीच घालत नाहीत, बाहेरून धक्कालहरी देतात, ही लिथोट्रिप्सी. दुसरीत लघवीच्या मार्गानं बारीक, ताठ दुर्बीण मूत्रनळीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत नेतात, ही यूआरएस. तिसरीत त्याच मार्गानं लवचिक दुर्बीण थेट किडनीच्या कप्प्यांपर्यंत जाते, ही आरआयआरएस. चौथीत पाठीतून लहान छिद्र पाडून किडनीत शिरतात, ही पीसीएनएल. पोट किंवा कूस उघडून खडा काढायची वेळ आता फार थोड्या रुग्णांवर येते.

माझं मत आधीच सांगते. वाट खड्याचा आकार, जागा आणि कडकपणा पाहून ठरवावी, छिद्राच्या भीतीपोटी नाही. आणि तुलना करताना पहिल्या दिवसाचं बिल पाहू नये. खडा पूर्ण निघून स्टेंट, म्हणजे लघवी वाहती राहावी म्हणून मूत्रनळीत तात्पुरती ठेवलेली बारीक नळी, काढेपर्यंत किती खेपा होतील, किती दिवस काम बुडेल, ते सगळं धरावं.

आधी हातात काय हवं

सोनोग्राफीत किडनीची सूज चांगली दिसते, पण नळीच्या मधल्या भागातला खडा बरेचदा निसटतो आणि खड्याचं मापही मागेपुढे होतं. शस्त्रक्रिया ठरवायची तर साधा सीटी स्कॅन हवा, म्हणजे शिरेतून औषध न देता काढलेला. काही मिनिटांचं काम आहे. त्यात खडा किती मिलिमीटरचा, नेमका कुठे, किडनीला सूज किती आणि खडा किती घट्ट हे सगळं कळतं. घट्टपणा हाउन्सफील्ड या एककात मोजतात, रिपोर्टवर तो 'एचयू' म्हणून लिहिलेला असतो. हा आकडा १००० च्या वर असेल तर खडा कडक, धक्कालहरींना दाद देण्याची शक्यता कमी. रिपोर्टमध्ये आकडा नसेल तर मागून घ्या, पुढची निम्मी चर्चा त्यावर उभी आहे. रुग्ण गरोदर असेल तर मात्र सीटीचा विषय काढू नका, तिथे शक्यतो सोनोग्राफीवरच काम चालवतात.

सोबत लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी हवी. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून 'उद्याच ऑपरेशन करून टाका' असा धोशा लावू नका. लघवीत जंतू असताना खडा फोडला तर ते रक्तात उतरतात.

एक खडा या सगळ्यातून सुटू शकतो. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेवर दिसत नाही, त्याचा एचयूही कमी असतो. लघवीचा आम्लपणा औषधानं कमी केला की तो विरघळू शकतो. त्यामुळे सीटीत खडा आहे, एक्स-रेत नाही आणि एचयू कमी आहे असं चित्र असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी औषधानं भागेल का, हे नक्की विचारा.

थांबता येईल का

नळीत उतरलेला ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा तीनपैकी दोघांचा आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरचा साधारण निम्म्यांचा पडतो. त्यामुळे ताप नसेल, दुखणं गोळीनं आटोक्यात असेल आणि किडनीचं काम ठीक असेल तर चार आठवडे, फार तर सहा, वाट पाहणं योग्य आहे. नळीच्या खालच्या टोकातल्या खड्याला टॅम्सुलोसिनसारखी नळी सैल करणारी गोळी देतात. किडनीतच बसलेला, त्रास न देणारा बारीक खडा वर्षाकाठी सोनोग्राफी करून नुसता पाहत राहिलं तरी चालतं.

आपल्याकडे कुळथाचं कढण देतात, पानफुटीची पानं चावायला सांगतात. कढणातून पोटात पाणी जातं हा फायदा आहेच. पण १५ मिलिमीटरचा कॅल्शियमचा खडा कुठल्या पानानं विरघळत नाही, आणि त्या भरवशावर महिने घालवणं महागात पडतं. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं समजू नका. अडकलेला खडा कधी कधी दुखायचा थांबतो आणि मागे किडनी मुकाट्यानं फुगत जाते. पडल्याची खात्री तपासणीनंच होते.

थंडी वाजून ताप आणि कमरेत कळ, लघवी पूर्ण बंद, किंवा किडनी एकच आणि तीही अडलेली: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. अशा वेळी डॉक्टर खडा फोडत नाहीत. आतून स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात आणि संसर्ग उतरल्यावर खड्याकडे वळतात. 'एवढा खर्च झाला आणि खडा तसाच' असं नातेवाइकांना वाटतं. पण पू साठलेल्या किडनीत खडा फोडणं जिवावर बेततं. तो पहिला टप्पा करणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास ठेवा.

नळीतला खडा: यूआरएस की लिथोट्रिप्सी

नळीच्या खालच्या भागातल्या खड्याबाबत फारसा विचार करावा लागत नाही. तिथे यूआरएस. कमरेखाली भूल, अर्धा-एक तासाचं काम, एका रात्रीचा मुक्काम आणि बहुतेकांचा खडा एकाच बैठकीत साफ. खडा लेझरनं किंवा हवेच्या दाबावर ठोके देणाऱ्या यंत्रानं फोडतात. खालच्या नळीत दोन्ही चालतात, फक्त लेझरसाठी जास्त पैसे मोजायची घाई करू नका.

वरच्या भागातला खडा थोडा अवघड. ताठ दुर्बीण तिथवर पोचते, पण पाण्याच्या झोतानं किंवा ठोक्यानं खडा मागे सरकून किडनीत जाऊ शकतो. मग ताठ दुर्बीण हतबल होते, स्टेंट टाकून रुग्णाला घरी पाठवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख पडते. म्हणून आधीच विचारा: 'खडा वर सरकला तर लवचिक दुर्बीण हाताशी आहे का, आणि तिचा खर्च वेगळा लागेल का?' वरच्या नळीतला एक सेंटिमीटरच्या आतला, फार कडक नसलेला खडा असेल तर लिथोट्रिप्सीही रास्त पर्याय आहे.

लिथोट्रिप्सी माणसावर पहिल्यांदा १९८० साली जर्मनीत म्युनिकला झाली आणि तेव्हा या क्षेत्राचं रूपच पालटलं. छेद नाही, बहुतेकांना पूर्ण भूल नाही, त्याच दिवशी घरी. पण खडा फुटतो तो आतच. तुकडे पुढचे काही आठवडे तुमचे तुम्हालाच लघवीवाटे पाडायचे असतात. त्यात पुन्हा कळा येऊ शकतात, कधी चुऱ्याची रांग नळीत अडकून यूआरएस करावी लागते, आणि एका बैठकीत न फुटल्यास दुसरी, तिसरी बैठक होते. गरोदरपणात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना किंवा रक्तदाब आटोक्यात नसताना ती करत नाहीत. अंगानं जाड माणसात कातडीपासून खड्याचं अंतर १० सेंटिमीटरच्या वर गेलं की लहरींचा जोर उणावतो. लहान मुलांना मात्र ही पद्धत छान लागू पडते, त्यांच्या नळीतून तुकडे सहज उतरतात.

किडनीतला एक ते दोन सेंटिमीटरचा खडा: इथे खरी निवड आहे

सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त जाहिरात याच मापाच्या खड्याभोवती असते, म्हणून इथे थोडं थांबू.

खडा किडनीच्या वरच्या किंवा मधल्या कप्प्यात असेल, मऊ असेल आणि एक सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर लिथोट्रिप्सीचा विचार जरूर करा. खालच्या कप्प्यात असेल तर गणित बदलतं. तिथे फुटलेला चुरा तांब्याच्या तळाशी गाळ बसावा तसा बसून राहतो. उत्तर अमेरिकेत खालच्या कप्प्यातल्या खड्यांवर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करून केलेली एक चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा पीसीएनएल झालेल्यांपैकी ९५ टक्के खडामुक्त होते, लिथोट्रिप्सी झालेल्यांपैकी ३७ टक्के. एवढा फरक असताना 'आधी लहरी देऊन तर बघू' म्हणण्यात अर्थ राहत नाही.

आता उरतात आरआयआरएस आणि मिनी पीसीएनएल. आरआयआरएसमध्ये अंगावर एकही छेद नसतो. लवचिक दुर्बीण कप्प्याकप्प्यात वळते, लेझरनं खड्याची भुकटी करते. रक्तस्राव फार कमी, म्हणून हृदयात स्टेंट बसवलेल्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बंद करता न येणाऱ्या माणसाला हीच वाट बरी. एक-दोन दिवसांत घरी आणि आठवड्याभरात बसून करायच्या कामावर. हे सगळं खरं आहे.

जाहिरातीत कमी सांगतात ते असं. काहींची मूत्रनळी इतकी अरुंद असते की दुर्बीण वर चढतच नाही. जोर केला तर नळी फाटते. मग शहाणा सर्जन स्टेंट टाकून थांबतो आणि एक-दोन आठवड्यांनी नळी सैल झाल्यावर पुन्हा बोलावतो. म्हणजे पहिली खेप स्टेंटची, दुसरी खडा फोडायची, तिसरी स्टेंट काढायची. खडा पावणेदोन सेंटिमीटरचा आणि कडक असेल तर वेळ लांबतो आणि कधी अर्धा खडा पुढच्या बैठकीवर जातो. वेळ लांबला की आत सोडलेल्या पाण्याच्या दाबानं जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढतो. या शस्त्रक्रियेनंतरच्या तापाचं ते मोठं कारण आहे. मधुमेह असेल किंवा आधी संसर्ग झालेला असेल तर हा मुद्दा डॉक्टरांपुढे मुद्दाम मांडा.

मिनी पीसीएनएलचं नाव काढलं की लोक दचकतात, म्हणून मापच सांगते. दुर्बिणींची जाडी 'फ्रेंच' या एककात मोजतात, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. नेहमीच्या पीसीएनएलचा मार्ग २४ ते ३० फ्रेंचचा, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर. मिनीचा १४ ते २० फ्रेंच, म्हणजे साधारण ५ ते ७ मिलिमीटर. पेन्सिलीएवढा किंवा तिच्याहून बारीक. भीती वाटते ती एवढ्या छिद्राची. त्या बदल्यात तुकडे त्याच वेळी बाहेर काढले जातात, भुकटी पडायची वाट पाहावी लागत नाही. रक्तस्रावाचा धोका आरआयआरएसपेक्षा जास्त आहे, दुखणंही दोन-तीन दिवस जास्त, मुक्काम साधारण दोन ते चार दिवस.

दीड सेंटिमीटरपर्यंतचा, वरच्या-मधल्या कप्प्यातला खडा असेल तर मी आरआयआरएसच्या बाजूनं आहे. दीडच्या पुढचा, कडक, खालच्या कप्प्यातला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची अडचण नसेल, तर मिनी पीसीएनएल. मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून येणाऱ्या, रोजंदारीवर घर चालवणाऱ्या माणसाला एका बैठकीत मोकळं होणं हे पाठीवरच्या पाच मिलिमीटरच्या वणापेक्षा मोलाचं आहे. अर्थात सर्जनचा हात कशावर बसला आहे यालाही वजन द्या. रोज आरआयआरएस करणाऱ्याकडून क्वचित कधी पीसीएनएल करवून घेण्यात शहाणपण नाही, आणि उलटही तेच.

दोन सेंटिमीटरच्या पुढे

इथे पीसीएनएल, आणि मी यात फार घोळ घालणार नाही. स्वीडनमध्ये १९७६ साली ती पहिल्यांदा नोंदली गेली आणि मोठ्या खड्यांसाठी आजही तीच पहिली पसंती आहे. किडनीभर शाखा पसरलेल्या शिंगासारख्या खड्याला एकाहून जास्त छिद्रं किंवा जास्त बैठका लागू शकतात. तीन सेंटिमीटरचा खडा आरआयआरएसनं काढून देतो असं कोणी सांगितलं तर किती बैठका लागतील हे विचारा आणि उत्तर ऐकून मग ठरवा.

धोके स्पष्ट माहीत हवेत. काहींना रक्त चढवावं लागतं. ताप येऊ शकतो. छिद्र शेवटच्या बरगडीच्या वर घ्यावं लागलं तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. घरी गेल्यावर काही दिवस लघवी फिकट गुलाबी येणं चालतं. पण एक-दोन आठवड्यांनीसुद्धा अचानक लालभडक लघवी आणि गाठी येऊ लागल्या तर तडक परत या. आतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा फुटल्याची ती खूण असू शकते आणि मांडीतून बारीक नळी नेऊन ती वाहिनी बंद करावी लागते. ती सोय या दवाखान्यात आहे का, नसेल तर कुठे पाठवाल, हे आधी विचारून ठेवा. जड उचलणं आणि मागावर उभं राहणं निदान दोन आठवडे बंद, असं धरून चाला.

स्टेंट

आरआयआरएस आणि पीसीएनएलनंतर बहुधा, यूआरएसनंतर बऱ्याचदा डीजे स्टेंट ठेवतात. सारखी लघवीला लागणं, लघवी करताना कमरेत ओढ, मधूनच रक्ताचा अंश, हे त्याचे नेहमीचे त्रास. एक ते चार आठवड्यांत तो काढायचा असतो. त्रास कमी झाला म्हणून काही जण परत येतच नाहीत, आणि हीच सगळ्यात वाईट चूक. महिनोन्महिने राहिलेल्या स्टेंटवरच खडे धरतात, तो ओढून निघत नाही आणि आधीच्या खड्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया त्यासाठी लागते. डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख लिहून घ्या, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही टाका. आणि खर्चाचा आकडा घेताना स्टेंट काढायचे पैसे त्यात धरले आहेत का, हे विचारा.

पैसा, आणि पुणे-हैदराबादचा प्रश्न

आरआयआरएस बहुधा सगळ्यात महाग पडते, कारण लवचिक दुर्बीण नाजूक असते, लवकर बिघडते, आणि एकदाच वापरायची घेतली तर तिची पूर्ण किंमत एकाच बिलात येते. यूआरएस त्या मानानं स्वस्त. लिथोट्रिप्सीची एक बैठक स्वस्त वाटते, पण तीन झाल्या तर नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि खड्याच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. पण प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक पद्धत योजनेत बसेल असं नाही. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या टेबलाशी जा आणि 'माझ्या कागदावर लिहिलेली हीच पद्धत बसते का' असं नेमकं विचारा. 'योजना आहे ना' एवढ्यावर भरती होऊ नका. सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, हा पर्याय पहिल्या फेरीतच पाहून घ्या, सगळे पैसे संपल्यावर नाही.

पुण्याला किंवा हैदराबादला जावं का? एकच खडा, दोन्ही किडन्या ठीक, आजार गुंतागुंतीचा नाही, तर मी सोलापूर सोडणार नाही. रात्री दोनला ताप भरला तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते जवळ असणं फार महत्त्वाचं. एकच किडनी, घोड्याच्या नालेसारखी जोडलेली किडनी, लहान मुलाचा मोठा खडा किंवा शिंगासारखा खडा असेल तर मोठ्या केंद्राचं मत घ्यावं, तिकडे करवून घेणंही योग्य. तेव्हा स्टेंट काढायची खेप तिकडेच करायची की इथे, हे निघण्याआधी ठरवा.

टेबलावर झोपण्याआधी आणि खडा निघाल्यावर

एका बाजूच्या नळीतला खडा काढताना किडनीत आणखी बारीक खडे दिसत असतील तर तेही त्याच भुलीत काढता येतील का, हे विचारा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६ मिलिमीटरपर्यंतचे असे खडे सोबतच काढलेल्यांपैकी १६ टक्क्यांना पुढे पुन्हा त्रास झाला किंवा त्यांचे खडे वाढले, तसेच ठेवलेल्यांपैकी ६३ टक्क्यांबाबत असं घडलं. शस्त्रक्रिया थोडी लांबते, पण मला तो सौदा पटतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

काढलेला खडा घरी आणून दाखवायची वस्तू नाही, तो तपासणीला पाठवा. कशाचा आहे ते कळलं तरच पुढची पथ्यं अर्थाची होतात. कॅल्शियम ऑक्सलेटचा निघाला तर दूध-दही बंद करू नका, उलट जेवणासोबत घ्या. दह्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडायला मी कुणालाच सांगणार नाही, पण शेंगदाण्यात ऑक्सलेट आहे आणि चटणीत मीठ, तेव्हा चटणी बेतानं आणि सोबत दह्याची वाटी. मीठ कमी केलं की लघवीतून जाणारं कॅल्शियमही कमी होतं. बोअरच्या जड पाण्यालाच सगळे दोष देतात. पाणी कसलं यापेक्षा ते कमी पडतं हे मोठं कारण आहे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी, आणि सोलापूरच्या मे महिन्यात त्यासाठी तीन लिटर पाणी बहुतेकांना पुरत नाही. मागावर काम करत असाल तर बाटली शेजारी ठेवा आणि लघवीचा रंग पाहत जा. पिवळी जर्द झाली की पाणी कमी पडतंय. तीन महिन्यांनी एक सोनोग्राफी करून किडनीची सूज उतरली आहे का आणि एखादा तुकडा राहिला आहे का, हे पाहून घ्या.